हळदीच्या हातांवरचं घरगुती नेलपेंट : परभणीतल्या एका लग्नघराचं प्रकरण

मे महिना, परभणी, थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न. सकाळी हळद लागली, दुपारी मुलींनी नखं रंगवली आणि दिवेलागणीला घरात कुरबुर सुरू झाली. करवल्यांना लावलेलं गुलाबी नेलपेंट काहींच्या नखांवर नारिंगी दिसायला लागलं होतं. नवरीच्या नखांवरचा वांगी रंग तर धुरकटला होता, आरशावर वाफ धरावी तसा. नेलपेंट दुकानातलं नव्हतं. धाकट्या भावाच्या मुलीनं तीन आठवडे आधी घरी मिसळून सहा बाटल्या भरल्या होत्या : दोन नवरीसाठी वांगी, चार करवल्यांसाठी गुलाबी.

थोरली वहिनी कामानं आधीच मेटाकुटीला आलेली. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीनं त्यात काय कालवलंय देव जाणे! उद्या अकराचा मुहूर्त अन् नवरीची नखं अशी." भाची ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "आत्या, सगळे माझ्याच नावानं बोलायलेत. घरी लावलं तेव्हा रंग एकदम चांगला होता. इथं कामून बदलायलाय?"

मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं आहे. मला तिचा हा प्रश्न फार मोलाचा वाटला. रंग घरी चांगला होता आणि इथं बदलला, तर बाटलीत काय आहे याच्याआधी इथं काय वेगळं आहे हे बघायला हवं. त्या रात्री आम्ही दोघींनी तेच केलं. ते सविस्तर लिहिते आहे, कारण असं मिसळणं आता घरोघरी चाललं आहे आणि बिघडलं की सगळा दोष रंगाला आणि मिसळणाऱ्या पोरीला लावून लोक मोकळे होतात.

हात बघितले

सगळ्या मुलींना ट्यूबलाइटखाली बसवून दोन्ही हात पुढे करायला लावले. पहिल्या दोघींचे हात बघतानाच मी थांबले. एकीच्या उजव्या हाताची नखं नारिंगी, डाव्या हाताची बऱ्यापैकी गुलाबी. दुसरीचंही तसंच. बाटली एक, लावणारी एक, वेळ एक. मग डावं-उजवं वेगळं कसं? तिसरीचे दोन्ही हात थोडे थोडे नारिंगी. चौथी मात्र स्वच्छ गुलाबी, दोन्ही हातांना. ती नांदेडहून दुपारच्या गाडीनं आली होती. हळद होऊन गेल्यावर.

उत्तर तिथंच मिळालं होतं. नवरीला हळद लावायची ती उजव्या हातानं. पहिल्या दोघी सकाळी त्यात पुढे होत्या. तिसरीनं वाटीत दोन्ही हात घालून ती कालवली होती. चौथीच्या हाताला हळद लागलीच नव्हती.

हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे असतो ते म्हणजे कर्क्युमिन. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्यानं हात धुतले तरी नखं पिवळी राहतात. नेलपेंटमधल्या द्रावकांत, म्हणजे इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेटमध्ये, ते सहज उतरतं. ओलं नेलपेंट नखावर बसलं की त्यातला द्रावक नखातली हळद वर ओढून घेतो. थर वाळतो आणि पिवळा रंग त्यातच अडकतो. गुलाबीत पिवळा मिसळला की नारिंगी. शिवाय भाचीचं गुलाबी पातळसर, आरपार दिसणारं होतं, त्यामुळे ते जास्तच उठून दिसलं.

हे माझं अनुमान होतं. वहिनीला पटायचं तर डोळ्यांसमोर दाखवायला हवं. रिमूव्हरनं भिजवलेल्या कापसानं उजव्या हाताचं एक नख पुसलं. कापसावर गुलाबीच्या कडेनं पिवळी झाक आली. कापूस वाळू दिला. आमच्या अण्णांच्या पानाच्या डब्यातला चुना बोटभर घेतला, पाण्याचा एक थेंब टाकून पातळ केला आणि त्या पिवळ्या भागावर टेकवला. बघता बघता तो विटकरी लाल झाला. नांदेडच्या मुलीच्या नखाचा कापूस तसाच केला. तिथं चुना टेकवला तरी पांढऱ्याचा पांढराच.

हळदीचा डाग पडलेला पांढरा कपडा साबण लावताच लाल होतो, हे घरातल्या प्रत्येक बाईनं पाहिलेलं असतं. चुना काय, साबण काय, दोन्ही अल्कली, आणि अल्कलीत कर्क्युमिन लाल होतं. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात तेही याच गुणावर. वहिनीनं कापूस हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "म्हंजे रंग खराब नव्हता." एवढंच. पण ती ते सगळ्यांसमोर म्हणाली, आणि भाचीला तेवढं पुरलं.

नवरीची नखं आणि कूलर

नवरीचं दुखणं वेगळं होतं. गडद वांगी रंगाला हळदीनं फारसा धक्का लागला नव्हता. त्यावर पांढुरका पडदा धरला होता, आणि जवळून बघितलं तर बारीक बारीक फोड, दुधावरच्या साईला येतात तसे. "कुठं बसून लावलं?" मी विचारलं. "कूलरसमोर. इतकं उकडायलं होतं की आत्या."

मराठवाड्यात मे महिन्यात कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, हे मान्य. पण आपला गवताच्या जाळ्यांचा कूलर हवा थंड करतो ती पाण्याची वाफ मिसळून. त्याच्या तोंडाशी बसलं म्हणजे दमट वारा अंगावर घेतला. नेलपेंटमधला द्रावक उडताना नखाची उष्णता घेऊन जातो, नखाचा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्या गार ओल्या थरावर बसतं. नेलपेंटचा पापुद्रा ज्याचा होतो ते नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. पाणी लागलं की ते पांढऱ्या सूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडतं. धुकं दिसतं ते हेच. वाऱ्याच्या झोतानं वरचा थर आधी वाळून बंद होतो आणि खालचा द्रावक अडकतो. तो बाहेर पडायला बघतो, म्हणून फोड.

मला हे तपासून बघायचं होतं. शेजारच्या पोरानं त्याच्या कॉलेजच्या पेटीतून काचेच्या तीन स्लाइड आणून दिल्या. एकाच बाटलीतून तिन्हींवर सारख्या जाडीचा एकेक हात फिरवला. एक कूलरसमोर, एक दार लावलेल्या मागच्या खोलीत, एक गच्चीच्या जिन्यात. वीस मिनिटांनी बघितलं तर कूलरसमोरची धुरकट, बाकी दोन्ही चकचकीत. जिन्यातली सगळ्यांत चांगली, कारण तिथली रात्रीची हवा कोरडी होती आणि वाराही नव्हता. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा नेलपेंटसाठी खरं तर चांगला. आपण कूलर लावून त्याला कोकण करतो.

बाटलीतही एक चूक होती, आणि ती भाचीनं स्वतःहून सांगितली. वांगी रंगाच्या दोन्ही बाटल्या घट्ट वाटल्या म्हणून तिनं त्यात नेलपेंट रिमूव्हरचे थेंब घातले होते. बाजारातल्या पुष्कळ रिमूव्हरमध्ये ॲसिटोनबरोबर पाणी असतं, कधी तेल, कधी सुवास. पाण्यानं धुकं धरायला मदत झाली आणि तेलानं थर मऊ राहिला. घट्ट झालेलं नेलपेंट पातळ करायचं ते नेलपेंटसाठीच विकल्या जाणाऱ्या थिनरनं, ज्यात इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेट असतात. तेही दोन-तीन थेंब. ब्युटाइल ॲसिटेट सावकाश उडतं (ते १२६ अंशांना उकळतं, इथाइल ॲसिटेट ७७ अंशांना), म्हणून थराला सपाट व्हायला आणि आतली वाफ सोडायला वेळ मिळतो. ॲसिटोन ५६ अंशांनाच उकळतं. ते घाईघाईनं उडतं आणि नख जास्त गार करतं.

त्या रात्री काय केलं

नऊ वाजून गेले होते. सगळ्यांची नखं पुसली. हळद निघाली की नाही हे बघायला प्रत्येकीच्या शेवटच्या कापसाला चुना टेकवायचा, लाल आला की पुन्हा पुसायचं. हळद कालवणाऱ्या मुलीच्या नखांना पाच वेळा पुसावं लागलं आणि तरी थोडी झाक राहिली. मग साबणानं हात धुवून कोरडे. त्यावर रंग न घातलेल्या पारदर्शक बेसचा एक हात, आणि तो पुरता वाळल्यावर रंग. मधला हा थर महत्त्वाचा. उरलीसुरली हळद त्याच्यात अडकते, वरच्या रंगापर्यंत फारशी पोचत नाही.

नवरीला जिन्याच्या पायरीवर बसवलं. वांगी रंगाच्या बिघडलेल्या बाटल्या बाजूला ठेवून भाचीनं नवी बाटली मिसळली. ती कशी, ते पुढे सांगते. आधी जागेचं सांगायला हवं, कारण मला त्या रात्री सगळ्यांत जास्त भीती त्याची वाटली.

भाची मिसळायला बसली ती देवघरासमोर, फरशीवर. तिथंच उजेड चांगला होता. हातभर अंतरावर समई तेवत होती. लग्नघर, देवक बसलेलं, ती विझवायची नाही. मी तिला हाताला धरून उठवलं. इथाइल ॲसिटेटला पेट घ्यायला उन्हाळ्याची गरज नसते. उणे ४ अंशांनासुद्धा त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते. ती वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी पसरत जाते. आपण बसतो फरशीवर, समई ठेवतो फरशीवर. वर हे नायट्रोसेल्युलोज, जुन्या काळी सिनेमाची रिळं ज्याची असत आणि भडकून थिएटरं जळत. दहा मिलिलिटरच्या बाटलीनं घर पेटत नाही, पण उघडी वाटी, सहा बाटल्या, लवंडलेला थिनर आणि भोवती नव्या साड्यांतल्या बायका हे मिळून फार वाईट होऊ शकतं. उजेडासाठी बॅटरी घ्या, टेबलावर बसा, खिडकी उघडी ठेवा. गॅसची शेगडी, समई, उदबत्ती त्या खोलीत नकोच.

धूपछाँव कशी आली

नवरीची पैठणी वांगी रंगाची, आणि तिच्यात धूपछाँव होती. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, म्हणून पदर हलला की कधी वांगी, कधी निळसर मोरपंखी. भाचीला नखांवर तेच हवं होतं. मला हा हट्ट फार आवडला. एवढं बघून कोण रंग मिसळतं?

एप्रिलमध्ये तिनं वांगी आणि निळं नेलपेंट एकत्र करून बघितलं होतं. आला तो मळकट जांभळा. दोन रंग एकमेकांत मिसळले की त्यांची धूपछाँव होत नाही. पैठणीत ते शेजारी शेजारी असतात, मिसळत नाहीत. नखावर हे करायचं तर रंगछटा बदलणारी अभ्रकाची पूड लागते. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय तलम थर दिलेला असतो आणि त्या थराच्या जाडीवर कोणता रंग परतायचा ते ठरतं. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तोच प्रकार. ही पूड पांढऱ्या कागदावर काहीच दाखवत नाही. काळ्या-गडद पृष्ठभागावर ठेवली की निळी झळाळी उठते. म्हणून आधी गडद वांगीचा एक हात आणि त्यावर पारदर्शक बेसमध्ये कालवलेली निळी अभ्रक-पूड. पैठणीचे दोन धागे तसे दोन थर.

कालवायची रीत पिठल्याची. कोरडं बेसन उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या. आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यायचं. तसंच पाव ग्रॅम पूड रिकाम्या बाटलीत घेऊन तिच्यावर थिनरचे आठ-दहा थेंब, काडीनं सारखी केली, मग थोडा थोडा बेस घालत नऊ मिलिलिटरपर्यंत नेलं. शेवटी बाटली वरखाली झटकली नाही. झटकली की हवा शिरते आणि फोड येतात. दोन्ही तळहातांत धरून रवीसारखी फिरवली, मिनिटभर.

जिन्यात, बॅटरीच्या उजेडात, नवरीनं हात वळवला आणि अंगठ्याच्या नखावरून निळी लाट सरकली. ती काही बोलली नाही, पुन्हा पुन्हा हात वळवत राहिली.

उरलेल्या बाटल्यांचं शवविच्छेदन

लग्न झालं, मांडव उतरला. दोन दिवसांनी आम्ही जुन्या सहा बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या. गुलाबीच्या चारही बाटल्यांत तळाला रंगाचा गाळ, वर पारदर्शक पिवळसर पातळ थर. वांगीच्या दोन्हींत गाळ तर होताच, शिवाय तळाशी तपकिरी कडं.

गाळाचं कारण सोपं. तिनं बेस म्हणून साधा चकाकीचा टॉपकोट वापरला होता. रंगाची पूड द्रवापेक्षा कितीतरी जड; अभ्रक जवळपास तिप्पट, टायटॅनियम डायऑक्साइड चौपटीहून जास्त. धरून ठेवणारं काही नसलं की ती बसणारच. कारखान्यातल्या रंगीत नेलपेंटमध्ये खास प्रक्रिया केलेली माती असते, बेंटोनाइट किंवा हेक्टोराइटची. स्थिर असताना ती जाळं करून पुडीला तोलून धरते, हलवलं की जाळं मोडतं आणि ब्रश सहज फिरतो, पुन्हा ठेवलं की पुन्हा जाळं. भाचीला हे सांगताना मी खिडकीबाहेरच्या शेताकडे बोट केलं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते ती याच घराण्यातल्या चिकणमातीमुळे. स्मेक्टाइट म्हणतात त्या घराण्याला. अर्थात शेतातली माती बाटलीत चालत नाही. ती पाण्याशी जमते, द्रावकाशी नाही. रंग मिसळायचा असेल तर बाजारात मिळणारा सस्पेन्शन बेस घ्यावा. ही माती त्यात आधीच घातलेली असते.

तपकिरी कडं मात्र बघून मी चकित झाले. बाटली उलटी करून गाळली तर दोन गोळ्या बाहेर पडल्या, गंजलेल्या. "हे काय?" "सायकलचे छर्रे. दुकानातल्या बाटलीत गोळ्या असतात ना ढवळायला, तसे टाकले." कल्पना बरोबर होती, पोलाद चुकलं. सायकलच्या बेअरिंगचे छर्रे कठीण पण गंजणारे. गुलाबीच्या बाटल्यांतही छर्रे होते आणि ते चकचकीतच होते, कारण तिथं पाणी नव्हतं. वांगीत रिमूव्हरमधून पाणी गेलं आणि गंज धरला. गोळ्या घालायच्या तर ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाच्या, नाहीतर काचेच्या.

आणि मग तिनं आपला डाव्या हाताचा अंगठा दाखवला. नखावर फिकट राणी रंगाचा डाग, पुसूनही न जाणारा. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिनं रांगोळीचा राणी रंग क्लिअर नेलपेंटमध्ये कालवून लावला होता. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, खरखरीत, आणि तिच्यावर चढवलेला रंग बहुतेक वेळा विरघळणारा. टिपकागदाच्या तुकड्यावर चिमूटभर रांगोळी ठेवली, वर थिनरचा एक थेंब. थेंब पसरला तसा त्याच्याबरोबर राणी रंगही पसरत गेला, गोल वर्तुळात. अभ्रकाच्या पुडीवर तोच थेंब टाकला तर पूड होती तिथंच राहिली आणि भोवतीचं वर्तुळ बिनरंगाचं. पहिला रंग नखात शिरतो, दुसरा वर बसतो. कोणतीही नवी पूड बाटलीत घालण्याआधी ही चाचणी करायची, असं तिनं वहीत लिहून घेतलं. मी त्याखाली आणखी एक ओळ लिहायला लावली : टिपकागदावर पास झाली तरी पूड सौंदर्यप्रसाधनासाठी विकलेलीच हवी. आपल्याकडच्या नियमांत प्रसाधनातल्या रंगाला शिशाची मर्यादा दहा लाखांत २० भाग आणि आर्सेनिकची २ भाग आहे. रांगोळी, गुलाल, भिंतीचा रंग यांची तशी तपासणी कोणी केलेली नसते. रंगाच्या दुकानातल्या लाकडी पॉलिशच्या एन. सी. थिनरचंही तेच. नायट्रोसेल्युलोज त्यात विरघळतं खरं, पण त्यात टोल्युइनसारखी द्रव्यं असतात आणि ती नखाजवळ, नाकाजवळ नकोत.

बेस घरी बनवायचा का, हेही तिनं विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. नायट्रोसेल्युलोज घरात आणून हाताळण्याची गोष्ट नाही. रंग आपला, छटा आपली, प्रमाण आपलं. पापुद्रा ज्याचा होतो ते मात्र बंद बाटलीतलं, तयार.

लग्नात दोघी-तिघींनी तिला बाटलीचा भाव विचारला होता. विकायचं म्हटलं की ते प्रसाधनाचं उत्पादन ठरतं आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार त्याला परवाना लागतो. आपल्याकडे ते काम अन्न व औषध प्रशासन बघतं. जागा, तपासणी, लेबल, सगळं आलं. सध्या ती घरच्यांपुरतंच करते, बाटलीवर तारीख आणि काय किती घातलं याची चिठ्ठी लावते आणि बाटल्या पत्र्याच्या खोलीतून काढून खालच्या थंड कपाटात ठेवते.

नागपंचमीला मी पुन्हा माहेरी गेले. मेंदी लावायला तिनं हात पुढे केला. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. अंगठ्यावरचा राणी डाग सरकत सरकत टोकाला आला होता, नखाच्या कडेला एक बारीक रेघ तेवढी उरली होती. मेंदीच्या आधी तिनं नेलकटर मागून घेतलं.